उजवा तळहात

हिवाळ्यात अर्धांगानं ओतांचा, म्हणजे वडिलांचा, उजवा हात गेला, तेव्हापासून घरातली प्रत्येक दुआ दोघांची झाली होती. जेवण आटोपलं की ओता, तुर्गुन उस्ता, आपला डावा तळहात छातीसमोर उघडा धरत. उजवा मांडीवर आखडलेल्या मुठीत पडून राही. मग त्यांच्या उजव्या बाजूला बसलेला थोरला मुलगा सोबित ती मूठ मनगटाखालून उचली, बोटं एकेक करून उलगडी, आणि दोन्ही तळहात एका पातळीवर आले की सारं घर ‘आमीन’ म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवी. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, शिकवलेलंही नव्हतं. पाण्याला उतार सापडतो, तसं ते घराला सापडलं होतं.

एकेकाळी याच हातानं ढग काढले होते. रेशमाच्या मार्गिलान गावात या कामाला ढग बांधणंच म्हणतात. चौकटीवर ताणलेल्या रेशमी ताण्यावर उस्तानं, मुख्य कारागिरानं, कोळशाच्या काडीनं नक्षी आखायची; आखलेल्या जागा रंग शिरू नये म्हणून सुतानं करकचून बांधायच्या, रंगाऱ्याच्या कढईत बुडवायच्या, सोडायच्या, पुन्हा बांधायच्या. शेवटच्या गाठी सुटल्या की एकमेकांत विरघळलेल्या कडांचे रंग असे उघडे पडतात, की बांधणाराही क्षणभर परका होऊन बघत राहतो. तुर्गुन उस्तांचा ढग बाजारात लांबून ओळखू येई. हिवाळ्यापासून मात्र घरच्या कारखान्यात नक्षी आखत होती ती धाकटी सून कुमरी. आणि हे सगळ्यांना ठाऊक असून कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं.

म्हणूनच वसंतातल्या त्या दुपारी कुमरीनं स्वतः ओसरीवर दस्तरखान पसरला, मधोमध नान रचले आणि सासऱ्यांच्या गादीशेजारी एक झाकलेलं गाठोडं आणि घडी केलेला कमरेचा रुमाल ठेवला, तेव्हा कुणाला काही विचारावं लागलं नाही. शागिर्द जेवू घालतो, उस्ताला नवा चपान, लांब बाह्यांचा झगा, पांघरवतो. उस्ता त्याच्या कमरेला रुमाल बांधतो आणि हात उचलून फातिहा, निरोपाची दुआ, देतो. त्यानंतरच शागिर्दानं स्वतःच्या कारखान्याचं दार उघडायचं. याच ओसरीवरून कितीतरी पुरुष कमर बांधून गेले होते. सून कुणी गेली नव्हती.

परसात कढईखालचा जाळ कमी करून थोरली जाऊ हनीफा भाताची वाफ मुरायची वाट पाहत होती. तिच्या मनात सकाळपासून एकच हिशोब फिरत होता आणि तो सरळ होता. कुमरी गेली की सासऱ्यांना भरवणं, रिळांवर रेशीम गुंडाळणं, चूल, अंगण, सगळं तिच्या एकटीच्या पाठीवर येणार. कुणाची स्वप्नं मोठी होतात तेव्हा कुणाची तरी कंबर वाकते, हे तिला कुठल्याही पुस्तकावाचून ठाऊक होतं.

“पुरुषांच्या कमरेचा रुमाल आहे तो,” ती कुमरीकडे न बघता म्हणाली. “तुझ्या कमरेवरून घसरून पायात यायचा.”

“आला तर उचलून द्याल ना, ओपा?” कुमरीनं थोरल्या बहिणीला विचारावं तसं विचारलं.

हनीफाला हसू आलं, आणि हसू आलं याचाच तिला राग आला. तिनं झाकण उचललं. केशरी गाजरांवरून उठलेल्या वाफेत दोघींचे चेहरे काही काळ एकमेकींना दिसले नाहीत.

त्या वाफेमागे कुमरीनं एक गोष्ट लपवली होती, जी तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती. नकार मिळाला तर बरं, असं तिच्या आत कुणीतरी पहाटेपासून पुटपुटत होतं. उस्तांनी हात उचलले नाहीत तर दार उघडायचा प्रश्नच मिटेल. मग आयुष्यभर सांगता येईल, मी तयार होते, घरानं अडवलं. सासऱ्यांच्या बहिणीच्या, आत्या रोबियांच्या घराची रस्त्याकडची खोली तिच्या डोळ्यांसमोर होती. पाटाच्या काठी, पुढ्यात तुतीची झाडं, दोन माग बसतील एवढी जागा. कधी त्या खोलीत सकाळचं ऊन मागावर पडलेलं दिसे. कधी तीच खोली दिसे, पण दारात कुणीच येत नाही, आणि ती आत बसून रस्त्यावरच्या पावलांचा कानोसा घेते आहे. लोक तुर्गुन उस्ताच्या नावानं येतात. तिच्या नावानं कोण येईल? रंगारी तिच्या शब्दावर कढई पेटवील का? दोन्ही खोल्या सारख्याच खऱ्या वाटत. माणूस भविष्याच्या उंबऱ्यावर उभा राहतो तेव्हा त्याला आतलं काही दिसत नाही. उंबराच तेवढा दिसतो.

ओश, तो गाजरांचा भात, जेवून होईपर्यंत कुणी विषय काढला नाही. परदेशी बांधकामावर राबणारा कुमरीचा नवरा नोझिम साखरेच्या वाडग्याला टेकवलेल्या फोनमधून सगळ्यांना दिसत होता. त्याच्या डोक्यावर अजून कामावरची पिवळी टोपी होती आणि मधूनमधून त्याचा चेहरा थिजून जाई. त्याच्या वाटचं जेवण आत्या रोबियांनी दोनदा वाढून घेतलं, आणि त्याला तसं सांगितलंही.

चहाचा पहिला पियाला फिरला आणि सोबित बोलू लागला. तो कुमरीशी बोलत नव्हता. चहाच्या किटलीकडे बघत, जणू किटलीशीच बोलत असावा तसा, सावकाश. या घरात नक्षी आखणारा हात एकच उरला आहे. तो बाहेर गेला तर मागांवर काय चढवायचं? व्यापारी बदाम मागतात, डाळिंब मागतात, ताग्यांचे तागे मागतात. त्यांना काय सांगायचं, हात पाटापलीकडे राहायला गेला? ओतांनी जे शिकवलं ते घरासाठी शिकवलं.

बदाम आणि डाळिंब. कुमरीनं मान खाली घातली. हिवाळाभर ती तीच दोन फळं आखत आली होती. तिच्या बोटांत दुसऱ्या कितीतरी नक्षी दाटून आल्या होत्या, आणि त्या उतरवायला या घरात एक हातभरही ताणा मोकळा नव्हता.

“बरं, पाटीवर काय लिहिणार?” सोबितनं विचारलं. “तुर्गुन उस्ताची सून? का एकदम कुमरी उस्ता?”

आत्यांना पियाल्यातच हसू फुटलं. मग सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळल्या आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं, कारण खोली त्यांची होती, आणि खोली देते असं त्यांनीच ईदच्या दिवशी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. सोबित त्यांच्याकडे वळला. आवाज न चढवता त्यानं एवढंच म्हटलं, की उद्या गल्ली म्हणेल, बहिणीनं भावाचं घर मधोमध चिरलं, आणि तेही भाऊ असा आजारी असताना.

रोबियांनी पियाला खाली ठेवला. त्यांच्या रुंद, रापलेल्या चेहऱ्यावर एरवी काही लपत नसे, आताही लपलं नाही. त्यांनी आधी भावाकडे पाहिलं, मग कुमरीकडे बघायचं टाळून म्हणाल्या, “मी खोली देते म्हटलं होतं. भिंत पाडते म्हटलं नव्हतं. थोडं थांब, मुली. तिथं बटाटे भरलेत ते तरी संपू देत.”

उरला नोझिम. महिन्यामागे त्यानंच कुमरीला म्हटलं होतं, की मी दुसऱ्यांची घरं बांधतोय, तू तरी आपलं काही बांध. आता पिवळ्या टोपीखालचा चेहरा थिजला, हलला, पुन्हा थिजला. “मी काय सांगू एवढ्या लांबून,” फोनमधून आलं. “सोबित अका म्हणतील तसं करा.”

“तुझा चेहरा अडकलाय का जीभ?” हनीफानं विचारलं.

ती हे का बोलली, तिचं तिलाच कळलं नाही. ती सकाळपासून सोबितच्या बाजूची होती, आताही होती. पण माणसं इतक्या चटकन कुणाच्या अंगावरून हात काढून घेतात हे समोर बघताना तिच्या तोंडात काहीतरी कडवट आलं होतं.

कुमरी उठली. तिच्या बाजूला आता कुणी नव्हतं, आणि या एकटेपणानं तिला, आश्चर्य म्हणजे, हलकं केलं होतं. तिनं गाठोडं सोडलं आणि चपान ओसरीच्या उजेडात झटकून पसरला.

परसातल्या टोपलीत रेशमाचे किडे तुतीची पानं खात होते. त्यांची बारीक, अखंड कुरकुर तेवढी ऐकू येऊ लागली.

त्या कापडावर बदाम नव्हते, डाळिंबं नव्हती, मेंढ्याची शिंगं नव्हती. तुतीची झाडं होती. मार्गिलानच्या प्रत्येक पाटाकाठी असतात ती, दर वसंतात किड्यांसाठी फांद्या छाटून छाटून ज्यांच्या खोडांच्या टोकाला गाठाळ मुठी तयार झालेल्या असतात तशी. काळपट लाल मुठी, एकीवर एक, घोळापासून गळ्यापर्यंत वर चढत गेलेल्या. आणि प्रत्येक मुठीतून कोवळा हिरवा फुटवा असा बाहेर फुटत होता, की रंग कापडाच्या कडेशी थांबेल की नाही याची खात्री वाटेना. हे तुकड्यातुकड्यानं, आत्यांच्या बटाट्यांच्या खोलीत, बाकीची कामं आवरून बांधलं गेलं होतं. आत्यांनी ते गाठींत अडकलेलं, सुतानं लपेटलेलं पाहिलं होतं. उलगडलेलं त्याही आत्ताच पाहत होत्या.

हनीफा रोज त्या झाडांखालून पाणी आणायला जात असे. लग्न होऊन आली त्या वर्षापासून जात होती. त्या झाडांना तिनं कधी पाहिलंच नव्हतं, हे तिला आता कळलं. आणि जिच्याबरोबर एका चुलीवर जेवण रांधलं तिलाही. तिनं ओढणीला हात पुसले, कापडाची कड दोन बोटांत धरली, उलटीकडून पाहिली, पुन्हा सुलटीकडून पाहिली.

“ओतांचं मी बघेन,” ती म्हणाली. “तशीही तू त्यांना नीट भरवत नाहीसच. निम्मं दाढीला जेवू घालतेस.”

सोबितनं बायकोकडे पाहिलं. तिनं नजर वळवली नाही.

कुमरी चपान घेऊन सासऱ्यांपाशी गुडघ्यांवर बसली आणि त्यांचा डावा हात बाहीत सरकवू लागली. अर्ध्यावर काम अडलं. कापड पाठीत पिळलं, आजारी हाताची मूठ दुसऱ्या बाहीच्या तोंडाशी अडली, म्हातारा अवघडून एका अंगाला कलला, आणि तरीही त्याचे डोळे त्या कापडावरून हटत नव्हते.

“आधी दुखरा हात,” सोबितच्या तोंडून निघून गेलं. “चांगला नंतर. चांगल्याला वाट काढता येते.”

तो उठला. वारा गार सुटलाय, त्यांना गारठा बाधतो, असं काहीसं पुटपुटत त्यानं चपान पुन्हा काढला, वडिलांची मूठ आपल्या मुठीत घेऊन बाहीतून अलगद पलीकडे नेली, खांद्यावरून कापड ओढलं, मग डावा हात घातला. रोजच्यासारखंच त्यानं हे केलं. झाल्यावर तो मागे सरला आणि त्याला दिसलं: बाहीवर चढत गेलेल्या तुतीच्या मुठी, आणि बाहीच्या टोकाला ती खरी मूठ, त्याच रंगाची, त्याच ओळीतली शेवटची. ती मूठ रोज उघडणारा तो होता. नक्षी त्याला सापडायला हवी होती. सापडली होती हिला.

कुमरीनं तयार करून ठेवलेलं वाक्य उच्चारलं. “ओता, तुम्ही परवानगी दिलीत तर मी माझं दार उघडीन.”

हिवाळ्यानं उस्तांकडे थोडेच शब्द ठेवले होते, आणि तेही घासून येत. त्यांनी हात उचलला नाही. ते सुनेकडे बघत राहिले. तो रोख तिला ओळखीचा होता: आखलेली रेघ खोटी असली की ते ताण्याकडे असेच बघत.

“मला... नको विचारू,” ते म्हणाले. मग दम घेऊन, “ठरवलंस?”

हा प्रश्न तिच्या तयारीत नव्हता. हो किंवा नाही या दोन्हींसाठी ती सज्ज होऊन आली होती. दोन्ही दुसऱ्यानं द्यायचे होते. तिला एकाएकी समजलं, की फातिहा परवानगी मागणाऱ्याला देतच नाहीत. ती निघालेल्या माणसाला देतात. उंबऱ्यावर उभ्या असलेल्यासाठी कुणाकडे दुआ नसते.

ती पुटपुटणारी आतली बाई अजून बोलतच होती: रिकामं दार, थंड कढई, बाजारातलं हसू. कुमरीनं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग तिला त्या खोलीतली ती सकाळ आठवली, जेव्हा शेवटची गाठ सुटली आणि सुतात कोंडलेला तो पहिला फुटवा तिच्या ओंजळीत हिरवा उमलून आला. त्या वेळी तिला वाटलं होतं, हे मी केलेलं नाही. हे माझ्या हातून झालं आहे, आणि आता माझी यातून सुटका नाही.

“ठरवलं आहे,” ती म्हणाली.

“आणि हात उचलले गेले नाहीत तर?” हे सोबितनं विचारलं.

“तरी उघडीन, अका. पण मग रोज आत शिरताना मान खाली घालून शिरेन.”

उस्तांच्या गळ्यातून एक आवाज आला. खोकला असेल, हसूही असेल. त्यांचा डावा तळहात सावकाश छातीसमोर आला आणि उघडा होऊन थांबला. उजवा मांडीवर, नव्या बाहीच्या टोकाशी, मिटलेला होता. आणि मग ओसरीवर कुणीच काही करीना. नोझिमचा फोन केव्हाच वाडग्यावरून घसरून पालथा पडला होता आणि दस्तरखानात तोंड खुपसून विचारत होता, काय झालं, मला दिसत नाही. कुणी तो उचलला नाही. सगळे सोबितकडे बघत होते. म्हातारा तेवढा बघत नव्हता. तो आपल्या उघड्या तळहाताकडे बघत वाट पाहत होता.

सोबितला दुसरी एक दुपार आठवत होती. हीच ओसरी, तुतीला असेच नवे फुटवे, आणि तो पोरसवदा, ताठ, घामेजलेला. मित्राबरोबर कोकंदला कापडाचं दुकान टाकायचं होतं. सगळं जमवून तो वडिलांपुढे बसला होता. त्यांनी विचारलं होतं, ठरवलंस? आणि तो म्हणाला होता, तुम्ही म्हणाल तसं. वडिलांचे तळहात, त्या वेळी दोन्ही धडधाकट, मांडीवरच राहिले होते. मग त्यांनी नान तोडून त्याच्यापुढे ठेवला होता. त्यानंतरचं सगळं आयुष्य त्यानं या एका समजुतीवर रचलं, की बापानं मला अडवलं. त्या समजुतीच्या सावलीत तो चांगला मुलगा झाला, उजवा हात झाला. आणि बापानं अडवलं नव्हतंच. बापानं एक प्रश्न विचारला होता. तो प्रश्न इतकी वर्षं इथं, या गाद्यांवर, या पियाल्यांमध्ये, उत्तराची वाट बघत बसला होता, आणि आज शेवटी कुणीतरी त्याला उत्तर दिलं होतं.

केवढी मोठी गोष्ट होती ही, आणि किती साध्या आवाजात म्हटली होती तिनं. ठरवलं आहे. आभाळाकडे बघावं तसं त्यानं कुमरीकडे पाहिलं.

मग त्यानं वडिलांच्या मनगटाखाली हात घातला. मूठ रोजच्यापेक्षा जड लागली. त्यानं अंगठा सोडवला. तर्जनी उलगडली, जिच्या पेरावर कोळशाच्या काडीचा घट्टा अजून होता. मधलं बोट. मग उरलेली दोन, जी नेहमी शेवटी ऐकत. जुन्या रंगाच्या निळ्या रेषा मुरलेला तळहात आभाळाकडे उघडला आणि डाव्याच्या बरोबरीला आला. तो तोलून धरताना, हिवाळ्यापासून कितीतरी जेवणांनंतर धरला तसाच, सोबितची नजर प्रथमच खाली गेली. बापाच्या तळहाताखाली त्याचा स्वतःचा तळहात होता. तोही वर उघडा होता. हिवाळाभर होता.

“आमीन,” आत्या सगळ्यांच्या आधी म्हणाल्या, आणि खोलीतले बटाटे उद्याच काढते असंही त्याच दमात म्हणाल्या.

उस्तांनी डाव्या हातानं कमरेचा रुमाल उचलला आणि कुमरीकडे न देता सोबितपुढे धरला. एका हातानं गाठ मारता येत नाही. सोबित खाली वाकला. आखणं त्याला कधी जमलं नव्हतं. गाठ मात्र अख्ख्या मार्गिलानमध्ये त्याच्यासारखी कुणाची नव्हती. रुमाल तिच्या कमरेभोवती आणून त्यानं टोकं एकमेकांतून घेतली आणि ओढली.

“घट्ट झाली, अका.”

“सैल गाठीत रंग शिरतो,” सोबित म्हणाला, आणि आणखी एकदा ओढली.